सूपभर खत

रावजीच्या राबातलं, लावणीसाठी वाढवलेलं भाताचं रोप शेंड्यापासून बुडापर्यंत तांबूस पडलं होतं. हात लावला की मोडत होतं.

त्याच्या बायकोनं, काशीनं, टोपली उचलली. "आवडामावशीकडं जाते. तिचं रोप दरसाल उरतं."

गावाची रीतच होती तशी. एकाचं रोप गेलं, तर शेजारी आपल्या उरल्यातलं देत. आजवर कुणाचं खाचर लावणीवाचून राहिलं नव्हतं. रावजी मुकाट तिच्यामागं निघाला.

माणगावच्या बाजारातून विलायती खताचं पोतं आणलं, तेव्हा स्वारी अशी मुकाट नव्हती. दुकानदारानं बजावलं होतं, "लावणी होऊन रोपानं मूळ धरलं, की मग टाका. मातीत कालवून, थोडं थोडं." रावजीला हसू आलं होतं. राब भाजून राख जेवढी जाड पडेल तेवढं रोप जोमानं येतं, हे त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक. त्यानं उघडीप बघून कोवळ्या रोपावर मुठी भरभरून खत उधळलं. शिवाय एकट्याचंच पीक चांगलं यावं, असली वृत्ती त्याची कधीच नव्हती. त्यानं घरोघरी सूपभर खत वाटलं आणि कसं टाकायचं तेही हौसेनं दाखवलं.

आवडाबाई बांधावर बसली होती. तिचा राब तांबूस होता. पलीकडचा गुणाजीचा तसाच, त्याच्यापुढचा येसाजीचाही तसाच.

"सगळ्यांचंच गेलं, मावशी?" काशीनं विचारलं.

"तुझ्या घरवाल्यानं कुणाला वगळलं न्हाय, बाय."

"पुन्यांदा बी पेरू," रावजी कसंबसं म्हणाला.

"कुठलं बी? आन् ते उगवंस्तवर पाऊस थांबतोय व्हय?"

ती रागानं बोलली नाही. कुणीतरी एक शिवी हासडावी, असं रावजीला फार वाटलं. कुणीच हासडली नाही.

आवडाबाई घरात गेली आणि खत घेऊन आलेलं काशीचं सूप घेऊन आली. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. तिनं सुपात ओंजळभर तांदूळ घातले होते.

"राहू दे, मावशी," काशी म्हणाली. तिला रडू आवरेना.

"घे गं. औंदा हायत म्हून देते." आवडाबाईनं सूप तिच्या हातात ठेवलं. "पुढल्या साली मात्र माझ्याकडं सूप धाडू नको."