बाहेरची मदत

एर्मेलिंदाने पहिल्या रांगेतल्या खुर्च्या धरल्या. एक स्वतःला, एक नवऱ्याला, एक लेकीला, आणि चौथीवर शाल टाकून ठेवली, नोएमीसाठी. भाषण संपल्यावर बिचारीने बसायचं कुठे?

नोएमी म्हणजे तिची कोमाद्रे, लेकीची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या दिवशी लेकीला, यादिराला, हातावर घेऊन, आईबाप कोसळले तर ही पोर माझी, असं पाद्रीबाबांसमोर कबूल केलेली बाई. आता ती सालतियो शहरातल्या सरकारी कचेरीत होती. मंदी आली तर कुठलं घर किती बुडेल, याचं भाकीत करणारा प्रोग्रॅम चालवायची. आज तो वस्तीच्या हॉलमध्ये दाखवणार होती. पुढेच बसा, असं तिने बजावलं होतं, म्हणून नवऱ्याने, अबुंदिओने, लग्नातला पट्टा बाहेर काढला होता. शेवटच्या भोकाच्याही पुढे एक भोक पाडून तो कमरेला बसलाही होता.

कारखान्याची रात्रपाळी नुकतीच बंद झाली होती, त्यामुळे हॉल भरला होता. काही जण नंतरच्या पाणीखात्याच्या सभेसाठी आले होते आणि आधीच येऊन भिंतीला टेकले होते.

नोएमीने नमुन्याचं एक कुटुंब घेतलं. गुप्तता राखायची म्हणून आडनाव बदललंय, असं तिने सांगितलं. बाकी काही बदललं नव्हतं. बाप गाड्यांच्या सीटा शिवतो. आई शुक्रवारी मक्याचे वाफवलेले तमाले विकते. मुलगी चौदाची. घराचं छप्पर अर्धं पत्र्याचं, अर्धं पुढच्या वर्षी.

मागून कुणीतरी अबुंदिओच्या खांद्यावर हळूच हात ठेवला.

मग नोएमीने मंदी आणली. एक बटण दाबलं, एवढंच. भिंतीवर एक आडवी तांबडी रेघ होती. तिच्या खाली गेला तो गरीब. नमुन्यातल्या बापाची नोकरी गेली आणि घराची निळी रेघ धाडकन खाली आली. ताटातलं मटण गेलं. पिकअप गेली. शेवटी मुलीची शाळा सुटली आणि ती औषधांच्या दुकानात कामाला लागली.

"कुठल्या दुकानात?" यादिराने विचारलं.

शेजारचे चेंचो काका पुढे वाकून अबुंदिओच्या कानाशी लागले. पिकअप काढायचीच झाली तर आधी मला सांग, बाहेरच्याला देऊ नकोस. एका बाईने एर्मेलिंदाचा हात दाबला आणि, तुझ्यासारखीवर ही वेळ यावी, असं म्हणत डोळे पुसले. एर्मेलिंदाने तिचे आभार मानले. रीत असते.

पण तिची नजर भिंतीवरच होती. प्रोग्रॅमने काय काय धरलंय ते खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. शेवटची ओळ होती, बाहेरची मदत: शून्य.

तिने हात वर केला. "कोमाद्रे, ते शून्य कुणी भरलं? यंत्राने?"

"नाही गं, ते हाताने भरावं लागतं," नोएमी म्हणाली. "मीच भरलं."

मग तिने सगळ्यांना समजावलं की मंदीत मदत करणारेही बुडत असतात, म्हणून अंदाज सावधपणे बांधायचा.

चेंचो काकांना ते झोंबलं. म्हणजे ते स्वतः शून्य? माझ्या नावावर राजमा लिही, ते उठून म्हणाले, आणि नुसता राजमा नको, पोतं लिही. नोएमी हसली. दुसरं कुणी हसलं नाही, तेव्हा तिने लिहिलं. निळी रेघ तसूभर वर सरकली.

त्यानंतर हॉल आवरेना. कुणी अंडी दिली, कुणी गॅसची टाकी. न्हाव्याने अबुंदिओचे केस फुकट कापायचं कबूल केलं. अबुंदिओला टक्कल होतं, पण नोएमीने तेही धरलं. पाणीखात्यासाठी आलेल्या तोमासा आजींनी भिंतीला टेकूनच बकरीचं दूध दिलं. निम्मंच लिही, त्या म्हणाल्या, बकरीचंही वय झालंय. प्रत्येक वेळी रेघ वर चढत होती. पिकअप परत आली. आठवड्यातून एकदा मटणही परत आलं.

तांबड्या रेघेच्या बोटभर खाली येऊन निळी रेघ थांबली. तेवढी पार केली की मुलगी शाळेत परत. प्रोग्रॅम तसाच बांधलेला होता. पण हॉलमध्ये द्यायचं राहिलेलं कुणी दिसेना. हळूहळू सगळे नोएमीकडे बघू लागले. यादिराही.

"मला माझं नाव घालता येत नाही," नोएमी म्हणाली. "आकडेमोडीत आपली माणसं आणायची नसतात."

"मग आम्हाला कसं आणलंस?" एर्मेलिंदाने विचारलं.

नोएमीने घड्याळ पाहिलं. पाणीखात्याचे लोक खोळंबलेत, असं म्हणून तिने लॅपटॉप मिटला. भिंत नुसती भिंत झाली. चुन्याचे पोपडे दिसू लागले.

पाणीखात्याचा माणूस वायरी जोडत होता. नोएमी खाली उतरली आणि, मनावर घेऊ नका, हे सगळं नुसतं धरून चालायचं असतं, असं वाटेत दोघातिघांना सांगत पहिल्या रांगेशी आली.

एर्मेलिंदाने चौथ्या खुर्चीवरची शाल उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि मागे वळून हाक मारली.

"तोमासा आजी, उभ्या का? पुढे या. इथे कुणी नाहीये."