रिकामी डोण

टाकी एकदाची बसली, ती नेमकी गोठ्यात बांड्या बैलाच्या जागेवर.

महिपतीनं तिच्या चारही पायांखाली दगडाच्या चिपा सारल्या आणि दोन्ही हातांनी ढकलून पाहिली. हलली नाही. तोटीकडची बाजू बोटभर वर ठेवली होती, म्हणजे गाळ मागं बसेल आणि तोटीला डिझेल स्वच्छ येईल. काम चोख झालं होतं. उमरठच्या वरच्या वाडीत अशी टाकी दुसऱ्या कुणी बसवली नसती, आणि महिपतीला त्याचं काडीचंही सुख नव्हतं.

जोडीतला एक बैल गेल्या पावसाळ्यात साप डसून मेला. एकट्या बांड्यावर नांगर चालेना, म्हणून मुलानं, जितेशनं, पॉवर टिलर आणला. डिझेलचा पंप राहिला खाली पोलादपुरात. ऐन लावणीत मशीन अडलं तर वर वाडीत कोण आणून देणार? म्हणून महाडच्या भंगारवाल्याकडची ही जुनी टाकी आली. टाकीला गोठ्यातली जागा हवी, म्हणून बांड्या उमरठला मालोजीकडं गेला. एकातून एक निघत गेलं. वाईट कुणीच चिंतलं नव्हतं.

बैल देताना महिपतीनं रीतीप्रमाणं त्याचं दावं ठेवून घेतलं. गळ्यातली घंटाही काढून घेतली. ती काही रीत नव्हे, ती त्याची हाव. निदान आवाज तरी घरात राहू दे, म्हणाला. ती घंटा आता टाकीच्या वरच खुंटीला लटकत होती.

सकाळी बापलेकांनी टाकी धुतली होती. ओढ्यातली खडी आत टाकून अंगणभर गडगडवली, तेव्हा कुठं गंज सुटला. मग सोड्याचं पाणी, मग साधं पाणी. टाकीत आधी काय होतं देव जाणे. भंगारवाला नुसतं "तेल" म्हणाला होता. धुवण ओतायची वेळ आली तशी महिपतीची बायको, बनुबाई, दारात येऊन उभी राहिली.

"विहिरीच्या अंगाला सांडाल तर बघा. आनि केळींत पन नको."

"मग काय डोक्यावर ओतून घेऊ गो?"

"लांब रानात नेऊन ओता."

"कॅन सगळे जितेश डिझेलला घेऊन चाललाय. तो आला की नेतो. तवर डोणीत ऱ्हाऊ दे. रिकामीच तर हाय."

बनुबाईनं एकदा डोणीकडं बघितलं आणि ती आत गेली. गोठ्याच्या कडेची ती बैलांच्या पाण्याची दगडी डोण महिपतीच्या बापानं घडवून घेतलेली. बांड्या गेल्यापासून ती कोरडी ठणठणीत पडली होती. तीत धुवण भरलं. दुपारपर्यंत गाळ तळाला बसला आणि वरचं पाणी चांगलं नितळ दिसायला लागलं.

उन्हं कलली तेव्हा फोन वाजला. वाडीत रेंज नीट मिळते ती फणसाखालीच, म्हणून महिपती फोन घेऊन पुढच्या अंगणात गेला. पलीकडं मालोजी होता.

"महिपती, तुजा बैल आला काय रे वर?"

"नाय. का?"

"सकाळीच दावं तोडून गेलाय. आनि खरं सांगू काय, हितं आल्यापासून धड चाऱ्याला तोंड लावत नाय, पाण्याला नाय. माझ्या बैलासंगं जू घेत नाय. नुसता घाटीकडं तोंड करून उभा ऱ्हातो. माझ्यानं बघवत नाय रे. तुला ठेवायचा असंल तर ठेव. आपन व्यवहार मोडू."

महिपती मनातल्या मनात हिशोब मांडायला लागला. टाकीचं काय, चार चिपा काढल्या की झालं, मागच्या पडवीत सरकवता येईल. बांड्या नांगराला नसेना का, शेणखताला तर होईल. जितेश बडबडेल, बडबडू दे. बैल दिल्यापासून छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं, आणि टाकी घरात आली त्या दिवसापासून पहिल्यांदाच महिपती हसला.

तेवढ्यात मागून, गोठ्याकडून, आवाज आला. बांड्या पाणी प्यायला लागला की आधी नाकानं फुर्र करायचा आणि मग लांब, सावकाश घोट घ्यायचा. शंभर बैलांत ओळखू यावा असा आवाज. आला, बाबा आला, असं महिपतीच्या मनात आलं, आणि पुढच्याच क्षणी त्याला डोणीतलं धुवण आठवलं.

गळ्यात घंटा असती, तर तो घाटी चढतानाच कळला असता.

तो धावत मागं गेला तोवर डोण अर्धी झाली होती. बांड्याच्या खुरांना घाटीची लाल माती होती, बरगड्या वर आल्या होत्या. महिपतीला पाहून त्यानं मान उचलली. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं आणि त्या ओल्या केसांवर निळाजांभळा तवंग चमकत होता.

पाणी पिऊन झालं की महिपती त्याला हातानं भाकरीचा तुकडा द्यायचा. कधी चुकला नव्हता. बांड्या टाकीला वळसा घालून दोन पावलं पुढं आला आणि त्यानं आपलं ओलं नाकाड महिपतीच्या तळहातात ठेवलं.

फोन चालूच होता. तुटक तुटक आवाजात मालोजी विचारत होता, "ऐकतोस ना? न्यायला येऊ, की ठेवतोस?"

"नको येऊ," महिपती म्हणाला. "आता तो माझाच हाय."