तात्यांचं टॉनिक

“म्हणजे तू खरंच फवारलं नाय?”

रंगनाथतात्या मांडवाखाली उभे होते, पायजमा वर धरून, चिखल लागू नये म्हणून. डोक्यावर द्राक्षाचे घड लोंबत होते. घड कसले, तपकिरी चोथा! हात लावला की बारके मणी बोटांवर पिचकत आणि आंबूस कुजका वास नाकात शिरे. पानं उलटली की खाली पांढरी बुरशी. अवकाळी पाऊस झाला, पाठोपाठ डावणीची बुरशी आली आणि आशाची सगळी बाग खाऊन गेली.

“ॲप म्हणायचं नको,” आशा म्हणाली. “रोज सकाळी बघत होते, तात्या. पाऊस पडत होता तरी तेच. धोका कमी, फवारणी नको. तुम्हीच तर टाकून दिलं होतं माझ्या मोबाईलात.”

तात्या हसले. चांगले खळखळून हसले.

“अगं येडे, ॲपचं कोण ऐकतं? त्यातली माहिती आपणच तर भरतो! दोन वर्षं हेच चाललंय, फवारण्या मारायच्या सहा, टाकायची एक. कमी फवारण्या दिसल्या की एक्स्पोर्टवाला पहिला आपल्या गावात येतो. गटात सगळ्यांना ठाऊक हाय.”

गट म्हणजे गावातल्या द्राक्षवाल्यांचा, आणि तात्या त्याचे अध्यक्ष. आशाचे चुलत सासरे. तिचा नवरा सुनील सातपूरला कंपनीत, त्यामुळे यंदापासून बाग तिच्या एकटीच्या गळ्यात. नवी होती, मान्य. पण शेजारी तात्यांचा फवारणीचा ब्लोअर घरघरायला लागला तेव्हा ती बांधावर जाऊन विचारून आली होती, डावणीचं औषध मारताय का, मी पण मारू का? आणि ह्याच माणसानं, ह्याच तोंडानं सांगितलं होतं, “नाय गं, टॉनिक मारतोय.” टॉनिक म्हणे! पाऊस उघडल्या उघडल्या म्हातारा म्हणे टॉनिक मारायला धावला होता, आणि हिनं ते खरं मानलं. घरच्या माणसाचं खरं मानायचं नाही तर कुणाचं मानायचं?

“मला का नाय सांगितलं?”

“आता हे काय माईक लावून सांगायचं असतं? आम्हाला वाटलं, तुझं तुला समजंल.”

कुजलेल्या घडांचा वास आशाला सकाळपासून सोसला होता, हे सोसेना.

तेवढ्यात संतोष आला. ॲपवाल्या कंपनीचा माणूस, गावोगाव फिरून नोंदी घेणारा. मोटारसायकल बांधाला लावून तो आत आला, वर बघितलं आणि “अरेरे” म्हणाला. खरंच वाईट वाटलं त्याला. मग फोटो काढू लागला.

“असं व्हायला नको होतं, ताई. पावसाचं जुनं गणित आता चालत नाही, म्हणून तर ॲपमागचं हे मॉडेल केलंय. गावातल्या खांबावरचं यंत्र पानांवरची ओल मोजतं, तुम्ही फवारण्या कळवता, त्यावरून ते शिकतं. आणि तुमच्या गावाचा निकाल सगळ्यात भारी! पुढच्या हंगामात हेच मॉडेल सायखेड्याकडे नेतोय आम्ही.”

शिकलं होतं खरं. पानं कितीही भिजू देत, एका फवारणीत भागतं, असं ते गेली दोन वर्षं शिकत होतं. कुणाकडून? तात्यांकडून.

सायखेडा आशाचं माहेर. तिकडे तिच्या भावाची बाग, आणि तो असल्या नव्या गोष्टींवर लगेच भाळणारा.

तात्या तिच्याजवळ सरकले. त्यांच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. “दुर्लक्ष झालं म्हणावं, बास. तुझं वर्ष तर गेलंच हाय. सगळ्या गावाचं कशाला घालवतेस?”

शी! आशा दोन पावलं मागं झाली.

“संतोषभाऊ, लिहा,” ती मोठ्यानं म्हणाली. “मी ॲपचं ऐकलं. एक पण फवारणी केली नाय, बाग गेली. आणि ह्या सगळ्यांनी सहा-सहा मारल्या अन् एक-एक लिहिली. दोन वर्षं झाली. ते पण लिहा.”

संतोषनं तात्यांकडे पाहिलं. तात्या शांतपणे तळहातावर तंबाखू मळत होते. “पोरीचं नुकसान झालंय लय,” ते म्हणाले. “डोकं ठिकाणावर नाय तिचं.”

संतोष मोबाईलवर बोटं फिरवू लागला. त्याला कळलं होतं. त्याच्या मानेवरून घाम निथळत होता, त्यावरून सरळ दिसत होतं की त्याला कळलंय. तरी बोलला तेव्हा नेहमीच्याच गोड आवाजात बोलला.

“तुमची नोंद टाकली, ताई. पण ती बाकी गावाशी जुळत नाही ना. अशी एकटीच वेगळी पडली, की सिस्टीम चूक धरून वगळते. आणि बाकीच्यांच्या नोंदी मला अशा तोंडी ऐकून बदलता येत नाहीत. त्याला गटाच्या अध्यक्षांची मंजुरी लागते.”

“बघू की,” अध्यक्ष म्हणाले आणि तंबाखूची चिमूट दाढेत ठेवली.

आशानं हात वर केला. समोरचा एक घड देठापासून तोडला आणि संतोषच्या हातातल्या मोबाईलवर ठेवला. मणी फुटले, तपकिरी पाणी काचेवरून त्याच्या मनगटावर, मनगटावरून बाहीत उतरलं. तो हात झटकायला गेला, पण आशानं घड दाबून धरला होता.

“हा पण वगळा,” ती म्हणाली.