किल्लीने उघडलेली कुलपं

साखळी खांबाला तशीच लटकत होती. मोटरसायकल तेवढी नव्हती.

भास्करराव पार्किंगमध्ये पायजम्यावरच उभे होते. चाकाला एक कुलूप, हँडलला दुसरं, वर खांबाला साखळी आणि तिचं तिसरं. एवढा बंदोबस्त त्यांनी घरातल्या कपाटाचाही कधी केला नव्हता.

"एकही तोडलेलं नाही," कुलपं उलटीपालटी करत ते म्हणाले. "किल्लीने उघडलीयत. चोर हुशार आहे."

"हं," इंदिराबाई म्हणाल्या. "वर चला. चहा गार होतोय."

त्यांची सून संपदा जिन्यात उभी होती. दिवाळीनंतर लग्न होऊन ती रत्नागिरीहून बडोद्याला आली होती. तिला वाटलं, गाडी गेली ते एका परीने बरंच झालं. होळीच्या सुमारास बाबांना, तिच्या सासऱ्यांना, हार्ट अटॅक येऊन गेला होता. किक मारायची नाही, उन्हात फिरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबांनी मान डोलावली, घरी आले आणि संध्याकाळी किक मारून भाजी आणायला गेले.

आता मोटरसायकल नव्हती, तर बाबा ती शोधायला निघाले. रिक्षाने मांडवी गाठायची आणि तिथून पायी एकेक गॅरेज पालथं घालायचं. जाईल तिथे घरचा फोन नंबर देऊन यायचा.

"चोर पार्ट सुटे करून विकणार," ते जेवताना म्हणाले. "गुजरीतसुद्धा बघायला हवं."

"गुजरी म्हणजे काय, बाबा?"

"जुना बाजार, बेटा. स्क्रूपासून पलंगापर्यंत सगळं मिळतं. चल, हा आजचा शब्द."

रोज एक गुजराती शब्द शिकवायचा, हा त्यांचा नेम होता. बाकीचं कळलं नाही तर 'सारुं', म्हणजे 'बरं', म्हणायचं, हेही त्यांनीच शिकवलं होतं. "बडोद्यात नुसत्या 'सारुं'वर अख्खं आयुष्य निघतं," ते म्हणायचे.

"तुमचं निघालंच की," इंदिराबाई म्हणाल्या. "माझ्यापुढे दुसरं काही बोललात कधी?"

पुढच्या आठवड्यातही बाबांचं तेच चाललं होतं. एक दिवस दुपारी संपदा घरात एकटी असताना फोन वाजला. मागे गर्दीचा, हॉर्नचा आवाज. कुणी गॅरेजवाला घाईघाईने गुजरातीत बोलत होता. तिला 'काका' कळलं, 'गुजरी' कळलं. आज बाबा कुठे आहेत ते कळलं म्हणून ती खूश झाली. तिने ठसक्यात उत्तरही दिलं. पलीकडच्या माणसाने तेच पुन्हा एकदा सांगितलं. मग त्याने विचारलं, "बेन, घरमां बीजुं कोई छे?"

दुसरं कोणी घरात आहे का, एवढं तिला समजत होतं. "नथी," ती म्हणाली.

थोड्या वेळाने इंदिराबाई माहेरून, शहरातल्याच वाडी भागातून परत आल्या. पंख्याखाली बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "मोटरसायकल मीच नेली."

"तुम्ही? चालवत?"

"चालवत कसली! सुभानला, माझ्या भावाला, किल्ल्या दिल्या. त्याने ढकलत नेली. वाडीत त्याच्या पडवीत उभी आहे, माझी जुनी साडी पांघरून."

संपदा हसायलाच लागली. "आई, आणि बाबा पोलीस चौकीत जाऊन आले!"

"मला वाटलं, गाडी नसली की घरी बसतील. हा माणूस तर जास्तच उन्हात भटकायला लागला. रात्री झोपेत छातीवर हात ठेवतात, बघवत नाही गं. आज सुभानला सांगून आले, संध्याकाळी आणून उभी कर. चोराला पस्तावा झाला म्हणू." त्यांनी पाण्याचा पेला उचलला. "आहेत कुठे आत्ता?"

"गुजरीत गेलेत. मघाशी गॅरेजवाल्याचा फोन आला होता."

"आज? आज बुधवार. गुजरी शुक्रवारी भरते."

"पण तोच म्हणाला."

"'गुजरीमां गया', गुजरीत गेले, असं म्हणाला?"

"मां? नाही... मां नव्हतं."

पेला तोंडापाशी थांबला. "मग काय म्हणाला? त्याच्याच शब्दांत सांग."

संपदाने आठवून आठवून शब्द जुळवले.

"'बेन, काका गुजरी गया.' दोनदा म्हणाला. मी म्हटलं, 'सारुं, सारुं.'"