आज किती बावळट?

बँकेच्या फसवणूक तक्रार विभागात दिवसभर फोन घेऊन ती घरी यायची, ती कावलेलीच. "ओटीपी देऊ नका, सांगून सांगून घसा बसला. तरी लोक अक्कल गहाण ठेवून देतातच!" बाबा हसून विचारायचे, "आज किती बावळट?"

आज दुपारी एक फोन आला.

"मॅडम, पैसे गेले हो. पण घरी कळवू नका. माझी मुलगी तुमच्याकडेच कामाला आहे. तिला तोंड कसं दाखवू?"

तिने आवाज ओळखला. मग बसलेल्या घशानेच म्हणाली, "खातं बंद केलंय, काका. घाबरू नका. असं कोणाचंही होतं."

संध्याकाळी तिने दारात चपला काढल्या. पेपरातून मान वर न करता बाबांनी विचारलं, "आज किती बावळट?"

"आज एकही नाही, बाबा."