शाबूत दात

दुसरं महायुद्ध संपलं तरी स्वीडनमध्ये साखर अजून मोजूनच मिळत होती. आई गेल्यावर सिग्नेला तिशीतल्या तूरेला एकटीने सांभाळणं जमेना, कारण भावाची समज लहान मुलाएवढीच होती. शेवटी मनावर दगड ठेवून तिने त्याला मतिमंदांच्या सरकारी संस्थेत आणलं.

डॉक्टरांनी सगळ्यात आधी त्याचं तोंड उघडून पाहिलं.

"वा! एकही दात किडलेला नाही."

"आईचा धाक, डॉक्टर. ब्रश केल्याशिवाय झोपूच द्यायची नाही."

"आम्हाला असाच माणूस हवा होता. याच्यामुळे उद्या देशभरातल्या मुलांचे दात वाचतील, बाई."

नर्सने तूरेच्या हातावर भलीमोठी चिकट टॉफी ठेवली.

"ताई, बघ केवढी! उद्यापण देतील?"

"रोज देऊ. हवी तेवढी खा," नर्स हसून म्हणाली.

सिग्नेचे डोळे भरून आले. उगाच घाबरलो आपण, किती मायेची माणसं आहेत ही! निघताना तिने आठवणीने तूरेचा ब्रश नर्सच्या हाती दिला.

 

नर्सने तो हळूच तिच्याच पिशवीत परत ठेवला. "हा घरी न्या, बाई. इथे कुणाचेच दात घासायचे नाहीत."