लग्नाची बायको

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या कोर्टात बारा जणांच्या ज्यूरीत बेरिल सर्वांत वयस्कर होती. खटला नवऱ्याने बायकोवर केलेल्या बलात्काराचा होता. “लग्नाचीच बायको ना ती? आणि ओरडलीसुद्धा नाही,” ज्यूरीच्या खोलीत तिच्यासमोर बसलेला प्लंबर म्हणाला. बेरिलने चहाचा कप खाली ठेवला. “माझं लग्न झालं तेव्हा कायदाही असंच म्हणायचा. तू जन्मलाही नव्हतास तेव्हा. आता गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, असं न्यायाधीशांनी दोनदा बजावलंय.” मग मतं घेतली गेली. संध्याकाळी घरी तिचा नवरा नॉर्मन टीव्हीसमोर बसला होता. “लागला का निकाल?” “दोषी ठरला नवरा.” नॉर्मन हसला. “मग आमच्या पिढीतले निम्मे नवरे आत जायला हवेत.” “हवेत,” ती शांतपणे म्हणाली. तिने वर जाऊन त्याच्या उशीशेजारची आपली उशी उचलली, लेकीच्या रिकाम्या खोलीत नेली आणि आतून कडी लावली.